आठ हात

नवस, कौल, उतारा... यातलं मी आजवर काही केलेलं नाही आणि हे लिहून झाल्यावरही करणार नाही. या सदरातले बरेचसे अनुभव वाचून मला हसू येतं. तरी लिहिते आहे, कारण गेल्या कापणीपासून लोक मला दोन्ही बाजूंनी समजावत आहेत आणि मला कोणाचंच पटत नाही.

आमचा फिनेलचा लहानसा कारखाना बोईसरला, सरावलीच्या रस्त्यावर. यजमान विक्री बघतात, कारखाना मी. तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम निघालं, मागणी वाढली आणि बांबूने पिंपं ढवळून भागेना, तेव्हा मिक्सर घ्यायचं ठरलं. मुंबईचा दुकानदार वेगाने फिरणारा छोटा पंखा गळ्यात मारत होता. मी आमच्या मालाचा डबाच त्याच्यापुढे ठेवला — ढवळून दाखवा. दोन मिनिटांत मधोमध भोवरा आणि डबाभर फेस. आमचा माल दाट. राळेचा साबण आणि डांबराचं तेल एकजीव व्हायला तळापासून सावकाश ढवळावं लागतं. मी रुंद पात्यांचा, मंद गतीचा मिक्सर घेतला. पातं आणि टाकीची भिंत यांत अंतर दोन बोटं.

त्या दोन बोटांत माणूस सापडला तर काय होईल, हे मला तेव्हाच दिसलं. टाकी नऊ फूट खोल, तीन फूट जमिनीत गाडलेली. बटणापाशी उभं राहिलं की पलीकडचा माणूस दिसत नाही, त्याने वर केलेले हात तेवढे काठावरून दिसतात. म्हणून नियम केला : मी "हात" म्हटलं की प्रत्येकाने दोन्ही हात वर करायचे. मी मोजणार, मगच बटण.

"बाई, आमी काय शालेतली पोरं हाव?" काशिनाथ म्हणाला. हा शिरगावचा, आमचा जुना माणूस.

"शाळेतली पोरं तुझ्यापेक्षा लवकर हात वर करतात."

कामाला माणसं चार. काशिनाथ, उत्तरेकडून आलेला रामदुलार, लहानू आणि बाटल्या भरणारी त्याची बायको जानी. लहानू डोंगराकडच्या पाड्यावरचा. टाकी खरवडायचं काम त्याचं. मधल्या दांड्याला धरून आत उतरायचा. गेल्या कापणीच्या आठवड्यात त्याला भात कापायला घरी जायचं होतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी त्याला बोलले होते, "भिंतीला साबणाचा थर तसाच आहे आणि तू निघालास?"

सकाळी साडेआठ, लख्ख ऊन. लहानू गावाला गेला, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. आम्ही पातं आधी फिरवतो, मग गरम साबण सोडतो, नाहीतर तळाशी गोळा बसतो. रामदुलार पाइपपाशी उभा होता.

"हात," मी म्हटलं.

सहा हवे होते. आठ होते. डावीकडे जानीचे दोन, पलीकडे काठावर सहा.

"काशिनाथ, तिकडे कोण आहे?"

"मी नि ह्यो भैया. दुसरा कोन असनार?"

"हात खाली करू नका." पुन्हा मोजले. आठच. दोन हात जरा खाली, तळवे माझ्याकडे, बोटं पांढरी.

कोणी चेष्टा करतंय असं वाटलं. तरातरा टाकीला वळसा घातला. काशिनाथ आणि रामदुलार, दोघंच. शिडीवर चढून आत डोकावले. तळाशी लहानू पडला होता, पालथा, दोन्ही हात पोटाखाली. पात्यापासून त्याचं डोकं वीतभर लांब.

काशिनाथने कमरेला दोर बांधला, श्वास कोंडून उतरला, रिकामा वर आला, पुन्हा उतरला. दुसऱ्या खेपेला आम्ही तिघांनी दोघांना ओढून काढलं. बांधकामाच्या ट्रकमधून लहानूला पालघरला डॉक्टरांकडे नेलं. तेलाच्या वाफेने गुंगी आली होती. जानी वाटभर त्याच्या छातीवर हात ठेवून बसली होती. दुपारनंतर त्याने डोळे उघडले. माझं बोलणं लागलं म्हणून पहाटे येऊन थर खरवडायचा आणि मग गाव गाठायचं, असा त्याचा बेत होता. बायकोलाही सांगितलं नव्हतं.

काशिनाथ म्हणाला, "जागेवाल्यानं राखला, बाई. नारल द्यावा लागंल."

"घरी दे. इथे मी वेगळी सोय करणार आहे." तेव्हापासून आत उतरणारा माणूस मोटरचा फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवतो.

यजमान म्हणाले, "घाबरलीस, चुकून जास्त मोजलेस."

घाबरायला तोवर झालं काय होतं? मी रोज मोजते. लहानूनेच आतून हात वर केले असतील, असंही ते म्हणाले. मी टेप लावली. हात वर करून लहानू पावणेसात फूट भरतो, आतून काठ नऊ फुटांवर. आणि तो तर बेशुद्ध होता.

पंधरा दिवसांनी लहानू कामावर आला. मी त्याला बाटल्यांवर बसवत होते.

"नाय बाई. टाकी माजी हाय."

त्याने फ्यूज काढून हातात घेतला. "मी हात वर केला नाय. मंग ते कोनाचं व्हतं?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. आजही माहीत नाही.

त्याने फ्यूज कनवटीला लावला आणि दांड्याला धरून खाली उतरला. पंधरा दिवसांपूर्वी बोलले ते मला परत घेता येत नव्हतं. मी शिडीवर चढून काठाशी उभी राहिले आणि तो वर येईपर्यंत त्याच्या भातकापणीची चौकशी करत राहिले.