आईला सिस्टर म्हणायचे तो दवाखाना

आमचे डॉक्टर चांगले होते, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून लोक त्यांना नावं ठेवतील, आणि ते काम मला माझ्यापुरतं राखून ठेवायचं आहे.

पुरानी बस्तीत देवळामागच्या गल्लीत त्यांचा दवाखाना होता. डॉक्टर मूळचे नागपूरचे, पण रायपुरात इतकी वर्षं काढलेली की पेशंटशी छत्तीसगढी, आमच्याशी मराठी आणि स्वतःशी हिंदी बोलायचे. दवाखान्यात माणसं तीनच. पडद्याआड डॉक्टर. औषधाच्या खिडकीशी म्हातारे कंपाउंडर. त्यांना सगळा पारा, म्हणजे सगळा मोहल्ला, कका म्हणायचा. आणि तिसरी माझी आई. सुई टोचणं, जखम धुणं, पट्टी बांधणं, हातपाय झाडणाऱ्या पोराला गोड बोलून गप्प करणं, हे सगळं तिच्याकडे. तिला पेशंट सिस्टर म्हणायचे, डॉक्टरही सिस्टर म्हणायचे. गल्लीतला पानवालासुद्धा "नमस्ते सिस्टर" म्हटल्याशिवाय तिला पुढे जाऊ द्यायचा नाही.

कागदोपत्री ती सिस्टर नव्हती. कागद म्हणाल तर तिच्याकडे शाळेचाही पुरता नव्हता. बाबा शहराबाहेर उरला नावाच्या कारखान्यांच्या भागात रोलिंग मिलमध्ये होते. एकदा तापलेल्या सळईनं त्यांचा पाय भाजला, तेव्हा आई त्यांना रोज ड्रेसिंगला घेऊन यायची. एका दिवशी दवाखान्यात फार गर्दी होती, म्हणून तिनं स्वतःच जुनी पट्टी भिजवून काढली, जखम धुतली आणि नवी बांधली. डॉक्टर दारातून पाहत होते. बाबांचा पाय बरा झाल्यावर त्यांनीच विचारलं, "बाई, इथे कामाला येता का? शिकवतो मी." आणि खरंच शिकवलं, हातचं काही राखून न ठेवता. सुया उकळायला शिकवल्या, औषध भरायला शिकवलं, कुठे टोचायचं आणि कुठे मुळीच टोचायचं नाही तेही शिकवलं. आईनं गोल बाजारातून निळ्या काठाच्या दोन पांढऱ्या साड्या आणल्या. त्या घडी करून ठेवताना ती आम्हाला हातसुद्धा लावू द्यायची नाही.

त्या साड्यांचं तिला एवढं का वाटायचं, ते सांगायला हवं. आम्ही बौद्ध. माझी आजी वर्ध्याकडच्या एका गावात दुसऱ्यांची अंगणं झाडायची. भाकर वरून टाकलेली झेलायची. आजोबांनी गाव सोडलं ते त्या झाडूपायी. आईचं लग्न ठरलं तेव्हा आजीनं तिला दागिना काही दिला नाही, एक वाक्य दिलं: "आपल्या घरात दिवसातून दहादा झाड, पन दुसऱ्याच्या दारचा झाडू हाती नको घेऊ." झाडण्यात कमीपणा नाही, हे आई मला सांगायची. दवाखाना झाडायला सकाळी एक बाई यायची, आई तिच्यासोबत बसून चहा प्यायची. पण आजीचा शब्द तिनं कधी मोडला नव्हता.

मग छत्तीसगढ वेगळं राज्य झालं आणि रायपूर राजधानी झालं. राजधानी झालं म्हणजे काय, तर धूळ तीच, फक्त तिच्यातून लाल दिव्याच्या गाड्या जायला लागल्या. नवीन ऑफिसं आली, नवीन साहेब आले. मोठाल्या काचेचे दवाखाने उभे राहिले. आणि अशी बातमी आली की छोट्या दवाखान्यांची तपासणी होणार, कोण डॉक्टर आहे आणि कोण नुसताच टोचत बसलाय ते पाहणार. कायद्यानं बघितलं तर त्यात चूक काही नव्हती. गल्लोगल्ली असे टोचणारे होतेच, आणि त्यांनी माणसं मारलीही होती. हे मला तेव्हाही कळत होतं. राग आला की माणसाला कळतं ते कमी होत नाही, फक्त उपयोगाला येत नाही.

मी तेव्हा कॉलेजात होते. संध्याकाळी दवाखान्यात येऊन बाकावर पुस्तक घेऊन बसायची आणि काम आटोपलं की आईबरोबर घरी जायची. त्या दिवशीही तशीच बसले होते. बाक भरलेले होते. आई पडद्याआडून स्टीलचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि त्याच वेळी दारात एक अधिकारी आणि त्याच्या मागे फाइल धरलेला एक माणूस उभा राहिला. ककांचा चेहरा खिडकीतून पाहिला आणि कोण आलंय ते मला कळलं.

डॉक्टर लगबगीनं बाहेर आले. नमस्कार झाले, भिंतीवरचं प्रमाणपत्र पाहून झालं. मग अधिकाऱ्यानं आईकडे पाहिलं.

"ये कौन हैं?"

डॉक्टर म्हणाले, "ये? ये साफ-सफाई के लिए हैं. झाड़ू-पोंछा."

"तो ट्रे इनके हाथ में क्यों है?"

"धोने ले जा रही थीं."

अधिकारी नुसता उभा राहिला, आईकडे पाहत. विश्वास त्याला बसला नव्हता, ते बाकावरच्या लहान पोरालाही दिसत होतं.

आईनं ट्रे टेबलावर ठेवला. मागे जाऊन बादली आणि पोछा घेऊन आली. पांढऱ्या साडीचा पदर कमरेला खोचला, खाली बसली आणि त्या साहेबाच्या बुटांपासून फरशी पुसायला लागली. मी उठून उभी राहिले, तर ककांनी खिडकीतूनच डोळे वटारून मला खाली बसवलं. ती पुसत पुसत बाकांकडे आली, आणि बाकावरच्या लोकांनी पाय वर उचलून घेतले. कुणी सांगितलं नाही, कुणी विचार केला नाही. पोछावाली आली की घेतात तसे घेतले. त्यांतल्या निम्म्या लोकांना तिनं त्याच महिन्यात सुई दिली होती. अधिकाऱ्यानं फाइलीत काहीतरी लिहायला लावलं आणि तो गेला.

घरी जाताना मी भांडले. मला मराठी येतं, पण रागात मी हिंदीतच बोलते. "वो बोले तो बोले, आप काहे को पोंछा उठाए?"

आई म्हणाली, "त्याइनं म्हटलं ना, मंग ते खरं दिसाले नको? दवाखाना बंद पडला असता. त्याइचंही गेलं असतं, आपलंही."

"और लोग? सब देखे हैं."

"साहेब सांगतील ना बरोबर. दोन दिवस जाऊ दे. अफसरासाठी म्हटलं होतं म्हनून सांगतील."

ती असं म्हणाली आणि त्यावर तिचा पक्का विश्वास होता. रात्री तिनं भाजी चांगली केली, बाबांना झाला प्रकार हसत सांगितला. बाबा हसले नाहीत. मीही नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती वाट पाहायला लागली. डॉक्टर तिच्याशी पूर्वीसारखेच वागत, थोडं जास्तच सांभाळून. पडद्याआड सिस्टर, सिस्टर चालू. पडद्याबाहेर मात्र ते तिला हाकच मारेनासे झाले. आणि पाऱ्यात गोष्ट फिरत होती. कोणी म्हणालं, सिस्टर नाहीच ती. कोणी म्हणालं, डॉक्टरच बोलले, आम्ही कानांनी ऐकलं. मग कोणाला तरी आमचं आडनाव आठवलं, आणि झाडूबरोबर जात आपोआप आली. इतकी वर्षं तिचा हात हलका म्हणून कौतुक करणारे लोक आता सुई घ्यायची तर डॉक्टर कधी मोकळे होतात याची वाट बघत बसायचे. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात. इथे तर गरजही सरली नव्हती.

डॉक्टरांना हे दिसत नव्हतं असं नाही. संध्याकाळी आईचं काम कमी आणि त्यांचं जास्त झालं होतं, ते कळायला डॉक्टर असावं लागत नाही.

एका संध्याकाळी गल्लीतल्या मिठाईवाल्याची सून तापानं फणफणत आली, सोबत सासू. त्या घरातल्या सगळ्या पोरांना आईनं सुया दिलेल्या. सणासुदीला त्यांच्याकडून आमच्याकडे पेढे यायचे. डॉक्टरांनी सूनबाईंना तपासलं, इंजेक्शन सांगितलं. आईनं औषध भरलं आणि तिच्या दंडाला कापूस लावणार, तेवढ्यात सासू म्हणाली, "बहू, डॉक्टर साहब से लगवा. ये तो झाड़ू वाली बाई है."

पडदा उघडा होता. मी बाकावरून सगळं पाहत होते. ककांनी पुडी बांधता बांधता हात थांबवला. आईनं सासूकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं डॉक्टरांकडे पाहिलं. एका वाक्याचं काम होतं. मला अजून वाटतं की त्यांच्या ओठावर ते आलं होतं. पण ते उठले, "लाइए" म्हणाले, आईच्या हातातून सिरिंज घेतली आणि स्वतः टोचली. मग सासूकडे वळून हसत म्हणाले, "लीजिए अम्मा, हो गया." त्या हसण्याचा मला आजही संताप येतो.

आईनं त्या संध्याकाळचं उरलेलं काम पूर्ण केलं. हात धुतले. दुसऱ्या दिवशी गेली नाही. तिसऱ्या दिवशी कका विचारायला आले, तर तिनं चहा दिला आणि तब्येत बरी नाही म्हणाली. ककांना खरं काय ते माहीत होतं, त्यांनी "हव दीदी" म्हणून चहा संपवला.

शेवटी डॉक्टर स्वतः आले. गुढियारीतल्या आमच्या भाड्याच्या खोलीपर्यंत, लोखंडी जिना चढून, धापा टाकत. आजारी माणूस नसताना ते कुणाच्या घरी गेल्याचं मी ऐकलं नव्हतं. खाटेवर बसले, पाणी मागून घेतलं, प्याले. त्यांच्याविषयी मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं, हेही कबूल करायला हवं.

"सिस्टर," ते म्हणाले, "माझ्या मनात तुमच्याबद्दल काही नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे, साहेब."

"त्या दिवशी अधिकारी समोर उभा होता. दुसरं काय बोलणार होतो मी?"

"त्या दिवसाचं मी काही म्हटलंच नाही. दवाखाना वाचवाचा होता. म्हनून तं पोछा हाती घेतला." आई भिंतीला टेकून उभी होती, आवाज अगदी साधा. "पन त्या म्हातारीसमोर कोन होतं, साहेब? तिथं तं अफसर नव्हता."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. "बोललो असतो तर ते बाहेर पसरलं असतं. पुन्हा चौकशी आली असती."

"सुई देते म्हनून नसतं सांगितलं तरी चाललं असतं. ह्या आमच्या सिस्टर आहेत, इतकंच म्हनाचं होतं."

खाली रस्त्यावर ट्रक अडला होता आणि हॉर्न वाजवत होता. डॉक्टर शेवटी म्हणाले, "लोक अडाणी असतात, सिस्टर. महिना-दोन महिन्यांत विसरतील सगळं. तुम्ही या उद्यापासून. लोकांचं काय मनावर घेता?"

"लोकाइची वाट नव्हती पाहून राहिली मी," आई म्हणाली. "तुमची पाहून राहिली होती."

डॉक्टर उठले. आईनं त्यांना जिन्यापर्यंत सोडलं, आणि जिना अरुंद आहे, सांभाळून उतरा, असं सांगितलं.