दीड महिन्याचं घर

मी लालबाग सोडलं ती दुपार गणपतीतली होती. चाळीच्या तोंडाशी टॅक्सी उभी, मांडवात आरती संपून प्रसादाची झुंबड, आणि वर आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत बाबा हातात नारळ धरून देवापुढे उभे. आम्ही मालवणकडचे. घरातलं माणूस लांबच्या वाटेला निघालं की थोरल्याने देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि बाकीच्यांनी त्याला हो म्हणायचं, ही आमची रीत. बाबांचा आवाज त्या दिवशी स्वच्छ होता.

"बा देवा म्हाराजा, ह्या माझा चेडू आज परमुलखात जाता हा. तेच्या वाटेत काय वाकडा-तिकडा असात, ता दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दारातून, गॅलरीतून, जिन्यावरून सगळे म्हणाले. मीही म्हटलं. ज्याच्यासाठी गाऱ्हाणं घालतात त्याने म्हणायचं नसतं बहुतेक, पण मला राहवलं नाही. मग बाबांनी माझी बॅग उचलली आणि टॅक्सीपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही. पायऱ्या ते नीट उतरले. मी त्यांच्या मागून उतरत फक्त त्यांचे पाय बघत होते.

तिकीट मी मुद्दाम अनंत चतुर्दशीच्या आधीचं काढलं होतं. का, ते आईला ठाऊक होतं आणि बहुतेक बाबांनाही. त्यावर कोणी अवाक्षर काढलं नाही.

हे मी तुम्हां सगळ्यांसाठी लिहितेय. तुम्ही जे तिथेच राहिलात, आणि तुम्ही जे डोंबिवलीला, विरारला, दुबईला पांगलात. तुमच्यातल्या निम्म्या घरांत आमच्यासारखंच होतं. तिथेही कोणी अवाक्षर काढलं नाही, म्हणून मला वाटत राहिलं की हे फक्त आमच्याच खोलीत आहे.

गिरण्यांचा संप झाला तेव्हा मी दुसरीत होते. बाबा साचाखात्यात होते, म्हणजे मागावर. आधी ते पगाराच्या दिवशी थोडी घेऊन यायचे, येताना भजी आणायचे, आणि आम्हाला तो सणच वाटायचा. मग गिरणीचा भोंगा बंद झाला. काही महिने ते गावी जाऊन राहिले, परत आले, सभांना गेले, मोर्च्यांना गेले, आणि हळूहळू कुठेच जायचे राहिले. नंतर वरळीला एका इमारतीत वॉचमनचं काम मिळालं. अंगावरचा खाकी शर्ट ते चाळीत शिरण्याआधी काढून पिशवीत घालायचे. संध्याकाळ झाली की गुत्त्यावर. पिऊन त्यांनी कधी कोणावर हात उगारला नाही. नुसते भिंतीकडे तोंड करून बसायचे, आणि खोलीत आपण चौघं असून तिघंच आहोत असं वाटायचं. आई आम्हाला सांगायची, "बाबांका बरा नाय, आवाज करू नको." माझं सगळं बालपण मी आवाज न करता काढलं.

पण श्रावण लागला की बाबा थांबायचे. देवासमोर कधीतरी शब्द दिला होता म्हणे. गटारी झाली की दुसऱ्या दिवसापासून थेंब नाही, थेट विसर्जनापर्यंत. श्रावण आणि वर भादव्याचे गणपतीचे दिवस, असा तो दीड महिना. आज डोळे मिटले की मला तेवढंच दिसतं. गॅलरीतून तिरकं आलेलं ऊन, घावणे टाकल्याचा चर्र आवाज, बाबा फरशीवर आडाळी मांडून नारळ खवतायत. आमच्याकडे विळीला आडाळी म्हणतात. ते खवायचे इतकं सावकाश, की आई कढईपाशी खोळंबून राहायची आणि तरी काही बोलायची नाही. शेवटचा करवंटीला चिकटलेला खोबऱ्याचा चव ते माझ्या नि भावाच्या तळहातावर ठेवायचे. गुणगुणायचे. एकदा त्यांनी मला माग कसा चालतो ते आईच्या साडीच्या काठावर बोट फिरवून दाखवलं. त्या महिन्यात आई केस मोकळे सोडून दारात बसायची, शेजारणींशी मोठ्याने हसायची. मला वाटायचं, श्रावणात सगळ्यांच्याच आया अशा होतात.

मग मी ग्लासगोला आले. सार्वजनिक आरोग्य शिकायला आले आणि राहिले. पहिल्या हिवाळ्यात आईचं पत्र यायच्या आधी मीच मनात ते लिहून काढायचे. इथल्या नदीकाठी जहाजं बांधायचे कारखाने होते, तेही बंद पडलेले. त्यांच्या रिकाम्या शेडांवरून बस जायची तेव्हा मला परळ नाक्याची आठवण यायची, आणि उतरायचा स्टॉप मागे राहायचा. काही वर्षांनी बाबा गेले. आम्ही काविळीने गेले असं सांगतो. मला वेळेवर पोचता आलं नाही. पुढे मी दर वर्षी मुंबईला यायचे ती गणपतीतच, आणि विसर्जनाआधी परतीचं विमान धरायचे. सुट्टी तेवढीच मिळते, असं मी सगळ्यांना सांगायचे. स्वतःलाही तेच सांगायचे.

आमच्या विद्यापीठात मॉयरा नावाची बाई दारूच्या धोरणावर काम करायची. दारूची किंमत वाढवली तर काय होतं, दुकानं कमी केली तर काय होतं, असं सगळं. तिने परळच्या एका डॉक्टरांबरोबर, डॉक्टर परबांबरोबर, संशोधन जुळवलं. एक बंद पडलेल्या जहाजांचं शहर, एक बंद पडलेल्या गिरण्यांचं. दोन्हीकडे तेच प्रश्न विचारायचे, उत्तरं शेजारी ठेवायची, आणि दोन्ही सरकारांपुढे एकत्र जायचं. मी तेव्हा दुसऱ्या विभागात होते. एके दिवशी मॉयरा लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आली. चेहरा पार उतरलेला. म्हणाली, तू तिथली ना, मग सांग, लालबागमध्ये कोणी पीतच नाही का? मागच्या तीस दिवसांत किती घेतली, या प्रश्नाला घराघरातून एकच उत्तर आलं होतं. शून्य. ग्रँट देणाऱ्यांना वाटत होतं की मुंबईची माणसं घरी बसून फॉर्म भरतायत. पैसे थांबवायची भाषा सुरू झाली होती.

"कुठल्या महिन्यात विचारलंत?" मी विचारलं.

"ऑगस्टच्या शेवटी. आम्हाला तेव्हा सुट्टी असते."

मी हसायला लागले ते थांबेनाच. मग एकदम डोळ्यांत पाणी आलं. मॉयराला काही कळेना. मी तिथूनच डॉक्टर परबांना फोन लावला. ते आमच्याच बाजूचे, त्यांना श्रावण माहीत नसेल हे शक्यच नव्हतं.

"अहो मॅडम, माहीत होतं की!" ते म्हणाले. "पण त्यांनी एवढ्या हौसेने तारखा काढलेल्या. पहिल्याच मीटिंगला पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं? म्हटलं, करू अ‍ॅडजस्ट."

हे फक्त आपल्यालाच जमतं. आख्खं संशोधन बुडालं तरी चालेल, पाहुणा नाराज होता कामा नये.

मी मॉयराला श्रावण समजावला. बाबांचं नाव न घेता, आपल्याकडे अशी पद्धत आहे म्हणून. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, माझे वडीलही ईस्टरच्या आधीच्या उपवासात दारू सोडायचे. गोदीतलं काम गेल्यावर वर्षभर प्यायचे, पण ते दिवस कडक. माझी आई त्या दिवसांत घरातले सगळे पडदे धुवायची. आम्ही दोघी त्या लॅपटॉपसमोर बसून होतो, बाहेर ग्लासगोचा तो न संपणारा पाऊस, आणि मला अंगणात नारळ खवल्याचा वास आल्यासारखा वाटला. आमच्या चाळीला अंगण कधी नव्हतंच.

त्या दिवशी ठरलं की शून्य आलेले ते दिवस फेकून द्यायचे नाहीत, अभ्यास त्यांचाच करायचा. एवढी माणसं आपणहून थांबतात, तर तेव्हाच त्यांच्या हाताशी कोणीतरी असायला हवं. पण त्यासाठी पुरुषांना नव्हे, घरच्या बायकांना बोलतं करायला हवं होतं, आणि बायका म्हणत होत्या, आमच्याकडे कोणी घेत नाही. परब म्हणाले, "तुमच्या आई बोलल्या तर बाकीच्या बोलतील. त्यांना सगळ्या मानतात." माझ्यासमोरसुद्धा आईने दारू हा शब्द कधी उच्चारला नव्हता. ती बोलली नाही तर काम बुडणार होतं, हे खरंच. पण मला भीती होती ती वेगळीच. तिने मॉयरासमोर बसून "ह्यांका कावीळ झाली" असं सांगितलं असतं, तर ते मला माझ्या तोंडाने इंग्रजीत म्हणावं लागलं असतं.

पुढच्या गणपतीत मॉयरा माझ्याबरोबर आली. आमची चाळ पाडून तिथे टॉवर झालाय, आई सव्विसाव्या मजल्यावर राहते. खालच्या मांडवातले ढोल वर येतात ते कापसातून आल्यासारखे. आईने पोहे केले, वर भरपूर खोबरं. जुन्या चाळीतल्या दोघी शेजारणीही पाहुणी बघायला येऊन बसल्या. मॉयराने फॉर्म पिशवीतून बाहेरच काढला नाही. तिने आपल्या वडिलांचं सांगितलं. गोदी, मग दारू, मग ते उपवासाचे दिवस, धुतलेले पडदे. मी एकेक वाक्य मराठीत करत गेले. आई पोह्यांच्या बशीकडे बघत होती.

"आणि उपास सोपल्यार?" तिने विचारलं. "तिच्या आवशीन मगे काय केल्यान?"

मी विचारलं. मॉयरा म्हणाली, काही नाही. पुढच्या वर्षाची वाट बघायची.

आईने मान हलवली. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिका सांग, विसर्जनाक मी दरवर्सा रडलंय. चाळीतल्यांका वाटला, बाप्पा चललो म्हणान रडता. बाप्पा काय, फुडल्या वर्सा येतलोच होतो. माका रडू येय ता तुझ्या बापाशीसाठी. तो दारू पिऊक लागलो की घरात असान घरात नसायचो."

तो शब्द तिने उच्चारला. मी इंग्रजी सुरू केलं आणि पहिल्या वाक्यातच माझा आवाज गेला. मॉयराने माझा हात धरला, म्हणाली राहू दे. आणि कोपऱ्यातून एक शेजारीण हळूच म्हणाली, "आमच्याकडे पण तसंच गो."

त्या संध्याकाळी आम्ही तिसऱ्यांदा चहा केला. बोलणं संपेना.

मॉयरा दोन दिवसांनी परत गेली. काम आता नीट चाललंय. विसर्जनाच्या आधीच्या दिवसांत परबांची माणसं मांडवाच्या बाजूला टेबल टाकून बसतात, काही पुरुष येतातही. ग्लासगोच्या एका चर्चमध्येही तसंच टेबल असतं, ईस्टरच्या आधी. सगळं बदललं असं मी म्हणणार नाही.

माझंही तिकीट तेव्हा नेहमीसारखं विसर्जनाच्या आधीचंच होतं. मी बॅग भरत होते. आई दारात येऊन उभी राहिली.

"किती वर्सा पळतलंस?" ती म्हणाली. "आता कोण आसा घरात पिऊन येवचो? विसर्जन झाल्यार जा."

मी खाली बसले. मग तिकीट पुढे ढकललं.

विसर्जनाला आम्ही दोघी खिडकीतून बघत राहिलो. आई रडली नाही. दुसऱ्या दिवशी तिने बाजारातून बांगडे आणले, आणि माझ्यापुढे आडाळी सरकवली, तीच जुनी, बाबांची. मी नारळ खवायला बसले. सावकाश. आई कढईपाशी खोळंबून उभी होती. या दिवशीची आमच्या घरातली संध्याकाळ मी लालबाग सोडल्यापासून पहिल्यांदाच बघत होते, आणि दाराकडे कान न लावता तर आयुष्यात पहिल्यांदा. करवंटीला चिकटलेला शेवटचा चव मी आईच्या तळहातावर ठेवला. तिने तो खाल्ला.

इतकी वर्षं कोणी विचारलं की घर म्हणजे काय, तर माझ्या डोळ्यांसमोर तो दीड महिना यायचा. आता त्याला पुढे एक दिवस जोडला गेलाय.