राजाची खुर्ची

"राजा खाली बसंल. खुर्चीवर न्हाई."

पाटील एवढंच म्हणाला. वग रंगात आला होता. माझा मामा राजाच्या पोशाखात दरबार भरवून बसला होता. नेवासे तालुक्यातलं गाव, जत्रेतली सकाळची हजेरी. रात्री खेळ केलेल्या फडाने दुसऱ्या दिवशी देवळापुढे पुन्हा नाचायचं, ती हजेरी. रात्री मशालींच्या उजेडात हाच राजा खुर्चीवर बसलेला पाटलाला चालला होता. उन्हात खुपला. तो स्वतः समोर खुर्चीवर बसला होता, आणि महाराचा माणूस त्याच्या बरोबरीने.

मामा उठला नाही. फडाचा सरदार तो. गावी दवंडी देणारा, मेलेली ढोरं ओढणारा, वाड्यापुढून जाताना वहाणा हातात घेणारा. पण वगात राजा. त्याने पाटलाकडे न बघता पुढचं वाक्य म्हटलं.

मग पाटील माझ्याकडे वळला. मी फडातला सोंगाड्या. विशीतला.

"ए सोंगाड्या, तू वढ ती. लोकास्नी हसवायचं तुजंच काम हाय न्हवं?"

मी ओढली. मागून, मामाला दिसणार नाही अशी. मामा कमरेवर आपटला. फेटा सुटून गळ्यात आला. सगळी जत्रा हसली. एवढं हसू मला आजवर मिळालं नव्हतं. पाटील धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होता.

राहुटीत कंबर शेकता शेकता मामाने विचारलं, "हसली का लोकं?"

"लई."

"मग ऱ्हाऊ दे त्ये वगात." तो माझ्याकडे बघत नव्हता. "न्हाईतर म्हनतील, पाटलानं पाडला. आपुनच ठिवलं तर आपला इनोद हुतो."

तसा तो विनोद झाला. राहुरी, शेवगाव, सोनई, जाऊ तिथे लोक वग थांबवून खुर्ची मागू लागले. सुपारी द्यायला येणारे आधी विचारायचे, खुर्ची हाय का? माझं नाव झालं. खरं सांगायचं तर मला चटक लागली. मामाला अंदाज आला की तो अंग सावरून पडायचा, आणि सावरून पडला की हसू कमी यायचं. म्हणून मी ओढायची वेळ बदलू लागलो. कधी बोलण्याच्या मधेच. कधी तो पुरता टेकायच्या आत. हे मला पाटलाने सांगितलं नव्हतं.

मामा एक पाय ओढत चालू लागला. त्याला घेऊन नगरला मिशनच्या दवाखान्यात गेलो. तिथली नर्स आमच्यातलीच, आजोबांच्या काळात ख्रिस्ती झालेल्या घरातली. तिने खुर्ची पुढे केली. म्हणाली, "बसा, बाबा."

वगाबाहेर मामाला कोणी खुर्ची देताना मी पहिल्यांदा पाहिलं. मामाने हात मागे नेला. खुर्ची चाचपली. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"आदी तू भाईर जा," तो म्हणाला. "मग बसतो."

मी बाहेर गेलो. व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा राहिलो. तेव्हा मला पाटील आठवला नाही. माझे हात दिसले.

पुढची हजेरी दुसऱ्या गावात होती. दरबार भरला. पुढे बसलेली बडी मंडळी ओरडू लागली, खुर्ची, खुर्ची. मी मामाच्या मागे जाऊन खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"राजा बसलाय," मी म्हणालो. "न्याव झाल्याबिगार उठायचा न्हाई."

लोकांना वाटलं, नवा विनोद. हसले. मी तसाच उभा राहिलो. हळूहळू हसू थांबलं. मग पहिला दगड ढोलकीवर आला, दुसरा माझ्या कपाळावर.

"वढ रं," मामा खालच्या आवाजात म्हणत होता. "भाच्या, वढ. मारत्याल आपल्याला."

मी ओढली नाही. तो आपणहून उतरला. फेट्यासकट जमिनीवर बसला आणि पुढाऱ्यांना हात जोडून जोहार घातला. मी रिकामी खुर्ची धरून उभा. ती त्यांनी माझ्या पाठीवर मोडली.

त्यानंतर फडाला कोणी बोलावेना. फड मोडला. भाच्याने माझा फड बुडवला, असं मामा मरेपर्यंत सांगत राहिला. 

आता तमाशाचा इतिहास लिहिणारे घरी येतात. खुर्चीचा तो विनोद म्हणजे माझ्या हजरजबाबीपणाची कमाल होती, असं छापतात. सत्काराच्या मंडपात एकदा करून दाखवा म्हणतात. मी गप्प राहायचो, शाल घ्यायचो. आता शाल नको. पाटलाने हुकूम दिला, मी ओढली, राजा पडला. पुढे हुकूम नव्हता तरी मी ओढत राहिलो. लिहायचं तर हे लिहा. मी ते करून दाखवणार नाही, कोणाला शिकवणार नाही. आणि कुठल्या मंडपात कोणी तो विनोद करायला लागला, तर मी उठून मध्ये उभा राहीन आणि हे सगळं सांगेन. ज्याला हसायचं असेल त्याने ते ऐकून मग हसावं.