सोजरचं खातं आणि साहेबांचा कॉम्प्युटर

बँकेतून रिटायर झालेल्या माणसाकडे पैसा किती उरला ते विचारू नये, किस्से मात्र ढिगानं उरतात. आमच्या वडवणी शाखेतले जुने लोक कुणाच्या लग्नात एका पंगतीला बसले की भात येईपर्यंत कॉम्प्युटरचे किस्से सुरू होतात. सगळे पोट धरून हसतात. मीही हसते, पण घरी येईपर्यंत माझं डोकं तापलेलं असतं. कारण हसताना सोजर कुणालाच आठवत नाही. मला आठवते, म्हणून सांगताना आवाज चढला तर सांभाळून घ्या.

०००

नव्वद सालानंतरचे दिवस. देशात सगळं खुलं झालं म्हणत होते, आमच्या शाखेत खिडकीसुद्धा धड उघडत नव्हती. गिऱ्हाइकांच्या बाजूला एकच पंखा. दुसरा द्या म्हणून मी अर्ज करून करून थकले. दर वेळी उत्तर एकच, बजेट नाही.

मग कॉम्प्युटर यायचं ठरलं. कॉम्प्युटरच्या आधी एसी आला! त्याच्यासाठी काचेची खोली झाली, चपला बाहेर काढूनच आत जायचं. आमचे साहेब नुकतेच पुण्याहून बदलून आलेले आणि मशीनवर भलतेच खूश. मी म्हटलं, "साहेब, बाहेर माणसं भाजतायत." ते म्हणाले, "मॅडम, माणसाला घाम आला तर तो पुसतो. मशीनला पुसता येत नाही."

बाजाराच्या दिवशी लांबून आलेली म्हातारी माणसं त्या गार काचेला गाल लावून उभी राहायची. साहेबांनी ते पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी बोर्ड लावला, 'काचेस स्पर्श करू नये.'

०००

सोजर माझ्या खिडकीवर यायची. शाखेत बाई मी एकटीच, त्यामुळे बायका माझ्याकडेच येत. तिचं माहेर चकलांब्याचं, सासर आमच्या वडवणीजवळचं. दिवाळी झाली की नवरा भगवान आणि ती ऊस तोडायला कारखान्यावर जायची. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे 'एक कोयता' म्हणतात. माणसाला कोयता म्हणायचं, आणि मुकादम हंगामाआधी जी आगाऊ उचल देतो तीही कोयत्यावर.

त्यांची पोरगी कल्पी दहावी पास झाली होती. भगवानच्या मनात तिचं लग्न लावून द्यायचं होतं, म्हणजे टोळीत आणखी एक कोयता वाढला. सोजरच्या मनात तिला बीडला वसतिगृहात ठेवून नर्सिंगला घालायचं होतं. त्यासाठी तिनं नवऱ्याच्या नकळत स्वतःच्या नावावर खातं काढलेलं. पासबुक घरी नेलं तर सापडेल, म्हणून ते माझ्या ड्रॉवरमध्ये राहायचं. अशी बऱ्याच बायकांची पासबुकं माझ्याकडे होती. ही काही बँकेची स्कीम नव्हती, पण बायकांना दुसरी कुठली स्कीम उपयोगाची नव्हती.

"म्याडम, माझ्या हाताचं जे झालं ते तिच्या हाताचं व्हाया नगं," ती म्हणायची. मी पैसे जमा करायची.

ती आत असताना भगवान दारात दिसला, तर पिंजऱ्यात बसलेले आमचे कॅशियर शेखभाई जोरात खोकायचे. सोजर लगेच मागच्या दारानं बाहेर. एकदा शेखभाईंना खरंच खोकला झाला, तर बिचारीला आठवडाभर खात्यात पैसे भरता आले नाहीत.

०००

दसऱ्याला मशीनची पूजा झाली. बाजारपेठेतले किराणा दुकानदार आप्पा आमचे मोठे खातेदार, पूजेचा मान त्यांचा. त्यांनी स्क्रीनवर भस्माचे तीन पट्टे ओढले आणि उरलेलं भस्म भक्तिभावानं कीबोर्डवर उधळलं. मशीन जे गप्प झालं, ते औरंगाबादहून इंजिनिअर येईपर्यंत बोललंच नाही. तोवर हातानं लिहायला साहेबांची मनाई, म्हणून बँकेत व्यवहार बंद. लोक एसटीचं भाडं खर्चून यायचे आणि तसेच परत जायचे.

इंजिनिअर आप्पांवर खेकसला, "भस्म कशाला टाकलं?"

आप्पा शांतपणे म्हणाले, "कपिलधारला देवाला चालतंय. ह्याला कावून चालंना?"

हा किस्सा पंगतीत सगळ्यात जास्त चालतो. मला मात्र भाडं खर्चून परत गेलेली माणसं दिसतात.

०००

मग जुन्या खात्यांची माहिती मशीनमध्ये भरायला ठेकेदाराची माणसं आली. त्यांना खात्यामागे पैसे मिळत होते, त्यामुळे कुणाचं काय चुकतंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. साहेबांनी त्यांना सांगितलं, "एक घर, एक नंबर. एका पत्त्यावरची सगळी खाती कुटुंबप्रमुखाच्या नंबरखाली टाका."

मला कळलं तोवर उशीर झाला होता. सोजरचं खातं भगवानच्या नंबरखाली गेलं होतं. मी चपला न काढताच काचेच्या खोलीत घुसले.

"साहेब, हे वेगळं करा. बाईचं खातं आहे, बाईचं राहू द्या."

साहेब माझ्या चपलांकडे बघत म्हणाले, "नवरा-बायकोत काय वेगळं असतं मॅडम? आणि सिस्टीममध्ये तसा ऑप्शन नाही."

मी वरच्या ऑफिसला लिहिलं, परत लिहिलं. साहेबांचा मात्र मुंबईला बोलावून सत्कार झाला, जिल्ह्यात सगळ्यात लवकर काम पुरं केलं म्हणून. पेढे वाटले. मी घेतला नाही. आजही त्या पेढ्याची आठवण झाली की तोंड कडू होतं.

०००

मशीन आलं तशी माणसं जास्त झाली, म्हणून स्वेच्छानिवृत्ती आली. शेखभाईंना साहेबांनी आत बोलावलं, पहिल्यांदाच एसीत बसवलं, चहा पाजला आणि सांगितलं, घ्या, नाहीतर तुमची बदली गडचिरोलीला होईल. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले, "शेखभाईंनी अत्यंत आनंदानं हा निर्णय घेतला."

शेखभाई उत्तराला उभे राहिले. "साहेब बोलले ते बरोबर हाय. आनंद लई झाला. कुनाला झाला ते मला इचारू नका."

टाळ्या वाजल्या. साहेबांनीही वाजवल्या. मी उठून बाहेर गेले, कारण तिथे थांबले असते तर काहीतरी बोलून बसले असते.

आता दारात कोण आलं ते बघून खोकणारं कुणी उरलं नाही.

०००

पुढच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर भगवान मुकादमाची उचल जमा झाली का ते बघायला आला. नवीन प्रिंटर कर्र कर्र करत त्याच्या खात्याबरोबर सोजरचं खातंही छापून मोकळा झाला. भगवानला वाचता येत होतं. साक्षरतेच्या वर्गात सही शिकला होता आणि त्याचा त्याला मोठा अभिमान होता. कागदाची घडी खिशात घालून तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी सोजरला दंडाला धरून घेऊन आला.

तिचा एक डोळा सुजलेला होता. हातातला पेपरवेट साहेबांच्या काचेवर फेकावा असं मला वाटलं.

"सगळे पैशे काढायचे हायत. पोरीचं लगीन हाय," भगवान म्हणाला.

साहेब हसतमुखानं बाहेर आले. "काही अडचण नाही. फक्त बाईंचा अंगठा लागेल. मॅडम, घ्या."

आमच्याकडे बाईचा उजवा अंगठा घ्यायची जुनी रीत. सोजरनं इतकी वर्षं उजवाच दिला होता. साहेबांनी कधी शाईच्या डबीला हात लावलेला नव्हता, आणि सही करणाऱ्या भगवानच्या तर हे गावीही नव्हतं.

मी डबी उघडली. सोजरनं उजव्या हाताची मूठ पदरात घट्ट धरली आणि डावा हात माझ्यापुढे केला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तो डावा हात धरला, अंगठा शाईत बुडवला आणि स्लिपवर नीट उठवला.

साहेब स्लिप घेऊन काचेच्या खोलीत गेले. खातेदारांच्या सही-अंगठ्याची कार्डं आता मशीनमध्ये होती. तिचा जुना अंगठा त्यांनी स्क्रीनवर मोठा केला, शेजारी स्लिप धरली, चष्मा लावून बघितलं, चष्मा काढून बघितलं. बाहेर येऊन म्हणाले, "जुळत नाही. पेमेंट होणार नाही."

भगवान ओरडला, "आवो साहेब, माझी बायको हाय ही! सगळं गाव सांगंल!"

"गाव सांगेल हो," साहेब म्हणाले, "पण रेकॉर्डला ही बाई ती नाही."

"म्याडम, तुमी तर वळखता न्हवं हिला?" भगवान माझ्याकडे वळला.

"माझ्या ओळखण्यावर आता बँक चालत नाही," मी म्हटलं.

भगवान साहेबांच्या अंगावर जायला निघाला. सोजरनं अंगठ्याची शाई केसांना पुसली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्याची बाही ओढली.

"चला आता. येवढ्या म्हागाच्या मिशीनला मी कोन हाय ते कळंना, तुमी कशाला भांडताव? चला, गाडी जाईल."