कडक स्प्रिंगा आणि अक्काची पाठ

पहाटे पुण्याहून निघालो तेव्हा मी स्वतःवर भलताच खूश होतो. गाडीला मागे नव्या जाड स्प्रिंगा होत्या, आणि त्यांच्या जोडीला नवा स्टॅबिलायझर रॉड (वळणावर गाडी कलंडू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी लोखंडी दांडी). ही सगळी हौस अक्कामुळे. बिदर जिल्ह्यातल्या निर्ण्याला दिलेली माझी थोरली बहीण दर साली तूर, ज्वारी, शेंगा अशी पोती भरून देते आणि परतताना गाडीचं बूड रस्त्याला टेकतं. यंदा म्हटलं, भर किती भरायचं ते!

पण यंदा आणायचं होतं ते अक्कालाच. महिन्यापूर्वी कलबुर्गीला तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. घरी राहिली की हातातलं सूप सुटत नाही, म्हणून दोन महिने माझ्याकडे विश्रांती, असं ठरलं. डॉक्टरांची परवानगी होती: मागच्या सीटवर आडवं पडून जा, पण दणका बसता कामा नये.

सोलापूर गेलं, उमरगा गेलं, पाट्या कन्नड झाल्या. दोन्ही बाजूंना तूर कापून झालेली काळी रानं. राजेश्वरच्या अलीकडे एका वळणावर खडी सांडली होती. स्टीअरिंग फिरवलं आणि गाडीचं मागचं अंग चक्क बाहेर निघालं! कशीबशी सावरली. बरं झालं, रस्ता मोकळा होता. दोष खडीला दिला आणि पुढे निघालो.

हुमनाबादनंतर माती लाल झाली, रस्त्याला खड्डे सुरू झाले आणि माझं डोकं दोन्ही बाजूंना हलू लागलं. दुपारी निर्ण्याला पोचलो. अक्का कमरेला पट्टा बांधून दारात उभी.

"वाळलास की रे!" म्हणाली. मी दर साली दोन किलोंनी वाढतो, ती दर साली हेच म्हणते.

कडक भाकरी, पुंडी पल्ल्या (अंबाडीची भाजी) आणि शेंगांची चटणी असं यथेच्छ जेवलो. मग म्हटलं, उद्या निघायचंय, आजच जरा बसून बघ. दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, मागच्या सीटवर गोधडी अंथरली. अक्का आडवी झाली. वेशीपर्यंतही पोचलो नाही. डावं चाक एका साध्या खड्ड्यात गेलं आणि मागून किंकाळी आली.

"थांब, थांब रे बाबा! मेले!"

तिचा चेहरा पांढरा पडला होता. उतरायला दोघांनी धरावं लागलं. "मी न्हाई यायची," ती म्हणाली. "तुझ्या गाडीत तर न्हाईच न्हाई." मला इतकी लाज वाटली! हिच्यासाठी चारशे किलोमीटर आलो आणि हिलाच दुखवून बसलो.

"उगं तोंड पाडून कामून बसलाव?" दाजी म्हणाले. "उद्याचा दिस ऱ्हावा. सकाळी राजेश्वरला जाऊ. तिथं वीरण्णा हाय. तुरीच्या जीपा त्योच नीट करतोय."

वीरण्णा साठीचे, कपाळावर विभूतीचे पट्टे. दाजींकडून अक्काची सगळी हकिगत ऐकून घेतली, वाकून गाडीखाली पाहिलं आणि हसायला लागले.

"ह्ये असं आवळायला कुणी सांगितलं, अण्णा?"

"मीच. सगळ्यात कडक लावा म्हटलं."

"कामून?"

चांगली वस्तू कडकच असणार, एवढीच माझी अक्कल.

"स्प्रिंगा कडक केल्यावर गाडी तशीच कमी झुकतीया," ते म्हणाले. "वरून रॉडबी आवळलाव. दोन्ही चाकं एकमेकाला बांधून घातली म्हणा की. एक खड्ड्यात गेलं की दुसऱ्यालाबी हिसका. आन् वळणावर मागचं अंग घसरायलाय का न्हाई?"

खडीची मी मनातल्या मनात माफी मागितली.

"मग काढूनच टाका तो रॉड!"

"आन् अक्का सीटवरून लोळली म्हंजे?" त्यांनी रॉडच्या टोकाची तीन भोकं दाखवली. जितकं टोकाकडचं भोक, तितका रॉड सैल. माझा सगळ्यात आतल्या भोकात होता. त्यांनी तो मधल्यात घेतला, चपला काढल्या आणि थेट मागच्या सीटवर अक्काच्या गोधडीवर आडवे झाले.

"चालवा."

मी दाजींकडे पाहिलं. "त्यांचं असंच हाय," दाजी म्हणाले. "वझं जिथं, तिथं ह्ये बसणार. शेळ्यांची गाडी आली तर शेळ्यांत बसत्यात."

गावाबाहेरच्या खड्ड्यांतून नेऊन आणलं. वीरण्णा डोळे मिटून पडले होते. "अजून कंबरेला लागायलंय." रॉड टोकाच्या भोकात गेला. पुन्हा तेच खड्डे. या वेळी मागून आवाजच नाही. नंतर मोठ्या रस्त्याची दोन वळणं घ्यायला लावली. गाडी किंचित झुकली, पण मागचं अंग जागेवर राहिलं.

"रॉड जमला. आता मागं दोन पोती टाका," ते उठत म्हणाले. "ह्या स्प्रिंगा वझ्याच्या हायत. रिकाम्या उडत्यात."

हे ऐकून दाजींना जो आनंद झाला! तुरीची पोती त्यांनी आधीच बांधून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का माझ्यावर नव्हे, वीरण्णांवर भरवसा ठेवून गाडीत आडवी झाली. दाजी खिडकीला धरून वेशीच्या दिशेनं चालत आले. तो खड्डा आला. गाडी नुसती डुलली.

"अक्का?"

"गप चालव की. काय झालंय?"

देवा रे! छातीवरचा दगडच उतरला. हुमनाबादला मी उगाच शीळ घालत होतो. राजेश्वरचं ते वळण आलं तेव्हा तिला आधाराला धर म्हणून सांगायला मागे पाहिलं, तर बाई तोंड उघडं टाकून घोरत होत्या. ऑपरेशन झाल्यापासून तिला सलग तासभर झोप नव्हती, हे दाजींनी मला सांगितलं होतं. सोलापूरपर्यंत मी हॉर्न वाजवला नाही. चहा प्यायलाही थांबलो नाही.

इतकी वर्षं अक्का देत आली आणि तिचं दिलेलं पेलावं म्हणून मी गाडी कडक केली. अक्कालाच न्यायचं, तर काय लागतं, हा विचार कधी डोक्यात आलाच नव्हता. तो गाडीत आडवं होऊन बघणाऱ्या एका अनोळखी माणसानं केला.

दिवस मावळता पुण्यात पोचलो. माझ्या खांद्याला धरून अक्का हळूच उतरली, सरळ उभी राहिली. आधी मागे जाऊन दोन्ही पोती बघितली. मग गाडीच्या टपावर हात ठेवला.

"सोडायला येताना हीच गाडी आण," म्हणाली. "आन् त्या रॉडला हात लावू नकोस."