मशीनमधून काढलेली मावशी

पाणीपुरवठा ऑफिसात फोन लावल्यावर ‘आपली तक्रार थोडक्यात सांगा’ म्हणणारा तो बाईचा आवाज कुणाचा, हे कधी विचारलंत?

तो आमच्या गल्लीतल्या मावशीचा. चोवीस वर्षं तिनं तिथले फोन घेतले. फोन करणारेही तिला मावशीच म्हणायचे. गेल्या वर्षी साहेब गोड बोलले, “लोक काय काय बोलतात ते मशीनला शिकवा, तुमचाच भार हलका होईल.” तिनं भोळेपणानं सगळं दिलं: ‘नळ कोरडा’, ‘वास मारतोय’, ‘पाइप फुटला’. प्रोग्रामरनं एकेक शब्द भरला, मशीनच्या उत्तरांसाठी आवाजही तिचाच रेकॉर्ड केला. तिचा हट्ट एकच, “कुणी ‘मावशी’ म्हटलं की फोन माझ्या टेबलावर वाजू दे.”

महिनाभर तो वाजत राहिला. मग साहेबांनी ‘मावशी’ हा शब्द मशीनमधून काढला आणि तिचं टेबलही उचललं.

“मावशी, आता घरी आराम करा.”

“कसला आराम? माझा गळा तर इथंच राबतोय की!”

मशीनला न कळलेल्या शब्दांची यादी दर सोमवारी साहेबांपुढे जाते, हे तिनंच मला सांगितलं. तेव्हा फोन लावाल तर आधी ‘मावशी’ म्हणा. ‘समजलं नाही’ असं उत्तर आलं, तरी पुन्हा म्हणा.