खोटं बोलणाऱ्या सिस्टरची शाळा

ब्रेकबाईंना सगळे ब्रेकबाईच म्हणत. गाडी शिकवताना त्यांच्या पायाखाली एक जादा ब्रेक असायचा आणि तोंडाला एकही नसायचा. बावीस वर्षांत त्यांनी नऊशेच्या वर माणसं रस्त्यावर आणली होती. म्हणजे चांगल्या अर्थाने. शिकायला बसलेला माणूस बँकेचा मॅनेजर असो की निवृत्त न्यायाधीश, बाई सगळ्यांना एकाच मापाने झोडायच्या. "अहो, गिअर आहे तो, कढई काय ढवळताय!"

लग्न उशिरा झालं आणि लेक त्याहून उशिरा. नवरा कवळ्या बनवायचा. दिवसभर दुसऱ्यांचे दात घासूनपुसून त्याला स्वतःचं तोंड उघडायचा कंटाळा यायचा. दोघंही जन्माने कॅथलिक, पण नवरा रविवारी चर्चच्या आत बसायचा आणि बाई बाहेर गाडीत, पेपर वाचत. देवाशी आपलं भांडण नाही, त्याच्या लाउडस्पीकरशी आहे, असं त्या सांगत.

लेक सहा वर्षांची झाली तेव्हा नवऱ्याने एका संध्याकाळी तोंड उघडलं. "हिला कॅथलिक शाळेत घालूया."

"का? पोरीचे पुढचे दात पडलेत आत्ताच, आणि तुम्ही तिला पापांची यादी पाठ करायला पाठवताय?"

"नुसती पापं नसतात तिथे. माणसाशी कसं वागायचं तेही शिकवतात."

"ते मी शिकवते की."

नवऱ्याने हातातली कवळी खाली ठेवली. "काल तू त्या टेम्पोवाल्याला जे म्हणालीस, ते आज तिने भिंतीवर लिहिलंय. शुद्धलेखन अगदी बरोबर आहे."

बाईंनी ओला फडका घेऊन भिंत पुसली. शाळा बघायला हरकत नाही, एवढं त्यांनी कबूल केलं. पण गाडी घेताना जशी खालून वाकून बघायची, तशीच शाळाही बघणार, हेही बजावलं.

पहिली शाळा मोठी होती. दारात संगमरवर, आत माशांची काचपेटी आणि संतांच्या डोक्यामागे रंग बदलणारा दिवा. हेडमास्तर कोटात होते. "आमच्याकडे मूल्यशिक्षणावर विशेष भर आहे," ते म्हणाले.

"म्हणजे नक्की काय करता?"

"या, दाखवतो."

प्रत्येक व्हरांड्यावर एकेक पाटी होती. प्रामाणिकपणा. नम्रता. तिसऱ्या व्हरांड्यावर ठळक अक्षरांत 'क्षमा' लिहिलं होतं आणि त्या पाटीखाली तीन मुली भिंतीकडे तोंड करून शिक्षा भोगत उभ्या होत्या. बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. नवरा माशांकडे बघायला गेला.

मग हेडमास्तरांनी लेकीला जवळ घेतलं. "सांग बाळ, देवाने हे जग किती दिवसांत बनवलं?"

"सहा," लेक बोळक्या तोंडाने म्हणाली. "बाबांनी सांगितलं. आई म्हणते, घाई केली, म्हणूनच असं झालंय."

हेडमास्तरांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. आठवड्याने पत्र आलं. प्रतीक्षायादीत लेकीचा नंबर एकशे चाळिसावा लागला होता.

"आपलं तोंड नडलं," नवरा म्हणाला.

"आपलं? तुम्ही कधी उघडलंत?" बाई म्हणाल्या. पण त्या दिवशी त्या शिकाऊंवर जरा कमीच ओरडल्या.

दुसरी शाळा टायरच्या दुकानामागे होती. चार सिस्टर मिळून ती चालवत. भिंतीला ओल आलेली, आणि वाचनालयाची खोली तीच आजारी मुलांना झोपवायची खोली. मुख्याध्यापिका सिस्टर साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली.

"वर्गात मुलं किती?" बाईंनी सुरुवात केली.

"अठ्ठावीस."

"चुकली तर काय करता?"

"पुन्हा सांगतो."

"पुन्हा चुकली तर?"

"तोवर डबा खायची सुट्टी होते," सिस्टर म्हणाल्या.

बाईंना उत्तर आवडलं, पण गोड बोलणारे विक्रेते त्यांनी आयुष्यात पुष्कळ पाहिले होते. नवरा फॉर्म वाचत बसला तशा त्या उठल्या आणि कुणाला न विचारता थेट मुलांच्या मोरीकडे निघाल्या. शाळेची खरी प्रार्थना तिथे कळते, असं त्यांचं मत होतं.

मोरी स्वच्छ होती. बेसिनपाशी एक लहानगी हुंदके देत उभी होती. तिचा स्कर्ट ओला झाला होता आणि तो पाण्याने झालेला नव्हता, हे बाईंना दारातूनच कळलं. तिच्यासमोर एक म्हाताऱ्या सिस्टर गुडघ्यांवर बसल्या होत्या.

"मी वर्गात नाही जाणार," पोरगी म्हणाली. "सगळे हसतील."

म्हाताऱ्या सिस्टरांनी एकदा ओल्या स्कर्टकडे आणि एकदा नळाकडे बघितलं. मग कष्टाने उठल्या, नळ सोडला, त्याच्या तोंडाशी अंगठा दाबला आणि उडणारा फवारा आधी पोरीवर उडवला आणि मग स्वतःच्या झग्यावर घेतला. दोघी नखशिखांत भिजल्या. पोरगी रडायची थांबली आणि खिदळायला लागली.

सिस्टर तिचा हात धरून निथळत वर्गात शिरल्या. बाई मागोमाग दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

"ऐका रे सगळ्यांनी," सिस्टर म्हणाल्या, "तो मोरीतला नळ वेडा झालाय. आम्हा दोघींची काय अवस्था केली बघा. कुणीही त्याच्या वाटेला जाऊ नका!"

अख्खा वर्ग हसला, पण नळाला.

बाई तरातरा ऑफिसात परतल्या. "अहो, इथेच घालायचं हिला."

नवरा दचकला. "एवढ्यात? काय पाहिलंस?"

"सिस्टर खोटं बोलल्या. धडधडीत. अठ्ठावीस मुलांसमोर." असं म्हणत बाईंनी डोळ्याला पदर लावायचं टाळून गाडीच्या किल्लीने नाक खाजवलं.

पण फॉर्मच्या शेवटी एक अट होती: कुटुंबाला ओळखणाऱ्या फादरांचं पत्र. नवरा हळूच म्हणाला, "मी जातो. तू नको येऊ."

त्याला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या चर्चचे फादर बाईंकडे गाडी शिकायला आले होते. चौथ्या दिवशी चौकात समोरून बस आली, तेव्हा फादरांनी स्टिअरिंग सोडून हात जोडले. बाईंनी ब्रेक दाबला आणि भर रस्त्यात गर्जना केली, "त्याला बोलावू नका! त्याच्याकडे लायसन नाही!" पाचव्या दिवशी फादर आले नाहीत.

बाई ऐकेनात. स्वतः गेल्या. फादरांनी त्यांना बसायला सांगितलं, शांतपणे कागद घेतला आणि लिहिलं. दारातच बाईंनी तो उघडला.

'ही बाई चर्चमध्ये येत नाही,' फादरांनी लिहिलं होतं. 'परंतु तिच्या शेजारी बसून मी जेवढ्या कळकळीने प्रार्थना केली, तेवढी वेदीपुढेही केलेली नाही. तिने मला आणि बसमधल्या लोकांना वाचवलं. मुलीला अवश्य प्रवेश द्यावा.'

बाई परत आत गेल्या. "पाचव्या दिवसापासून पुढचं शिकायचं असेल, तर सोमवारी या," त्या म्हणाल्या. याहून मऊ माफी त्यांना येत नव्हती. फादर आले. अजून त्यांना गाडी मागे घेता येत नाही.

शाळा काही स्वर्ग निघाली नाही. गणिताच्या बाई कच्च्या होत्या, खेळायचं मैदान म्हणजे टायरच्या दुकानाची अर्धी गल्ली, आणि पहिल्याच महिन्यात लेक आईच्या शिव्या बोटांवर मोजायला लागली. बाईंनी आवाज तेवढाच ठेवून शब्द बदलले. शिकाऊ आता 'अहो दुधी भोपळे' ऐकून घेत.

मग एका दुपारी लेक रडत घरी आली. धर्माच्या तासाला सांगितलं होतं, की कुत्री स्वर्गात जात नाहीत. शेजारच्या काकूंचा म्हातारा कुत्रा नुकताच गेला होता. दारात शिकवणीला आलेल्या शिकाऊला बाईंनी तसाच गाडीत बसवून ठेवला आणि शाळा गाठली.

"कुणी सांगितलं हे? पुरावा काय?"

मुख्याध्यापिका सिस्टरांनी चष्मा काढला. "मला खरंच माहीत नाही हो. मी अजून गेले नाही तिथे. पण धर्माच्या बाईंना सांगते, खात्री नसेल तर कुत्र्यांबद्दल बोलत जाऊ नका."

दुसऱ्या दिवशी धर्माच्या बाईंनी वर्गात आपल्याला खात्री नाही असं कबूल केलं, आणि तास संपेपर्यंत सगळ्या मुलांनी आपापल्या ओळखीच्या कुत्र्यांची चित्रं काढली. लेकीने त्या म्हाताऱ्या कुत्र्याचं काढलेलं चित्र शेजारच्या काकूंनी मागून घेतलं.